विनामूल्य नाताळगीते आणि आपले देणे

आगमनकाळाचा पहिला रविवार आला की धर्मग्रामातील गायकवृंदाच्या तालमी सुरू होतात आणि तालमींबरोबर गाण्यांचा शोधही सुरू होतो. एके काळी हा शोध वह्यांतून चाले. वसईच्या एखाद्या नातलगाकडून हाताने उतरवून आणलेली वही, कोपरे झिजलेले गीतपुस्तक, नाहीतर कोणी मुंबईहून आणलेली एखादी ध्वनिफीत, एवढीच काय ती पुंजी. आज शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वाड्यापाड्यांवर जी आपली घरे विखुरलेली आहेत, तेथील मुलेही हा शोध हातातल्या मोबाइलवर घेतात. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि आसनगाव स्थानकाच्या फलाटावर काय किंवा सरळगावच्या नाक्यावर काय, जगातले हवे ते नाताळगीत ऐकता येऊ लागले.

या शोधात मुलांना एक नवलाची गोष्ट सापडते. युरोप-अमेरिकेत संगीताच्या बड्या कंपन्यांखेरीज अनेक छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्था आहेत. दोन-चार मित्रांनी मिळून चालवलेल्या, तुटपुंज्या भांडवलाच्या. आपल्याकडे साठीच्या दशकात जशी लघु-अनियतकालिके निघत, तसाच काहीसा हा संसार समजावा. या संस्थांपैकी काही जणी दर डिसेंबरात आपल्या कलावंतांची नाताळगीते एकत्र करून श्रोत्यांना विनामूल्य देतात. कोठे किमतीच्या रकान्यात आपल्याला वाटेल तो आकडा लिहावयाचा असतो. शून्य लिहिले तरी चालते. २००८ साली सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प’ या संकेतस्थळाने ही रीत पुष्कळ रूढ केली. २००१ साली स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने तर, कर्त्याने आपली कृती कोणत्या अटींवर इतरांना मोकळी करावी, यासाठी परवान्यांचे तयार मसुदेच करून ठेवले आहेत. त्यांतील बहुतेक परवान्यांत एक अट असते: कर्त्याचे नाव सांगा.

अशी पाच-सहा गाणी उतरवून घेतल्यावर आमच्या तालमीतल्या एका मुलाने विचारले, “गुरुजी, हे फुकट आहे म्हणतात. मग आपण कोणाचं काही लागतो का?” पेटी वाजवणाऱ्याने हसून पुढचा सूर धरला आणि तालीम चालू झाली. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या धर्माचा गाभाच ‘विनामूल्य मिळालेले’ या गोष्टीवर उभा असताना तर नाहीच नाही.

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ‘फुकट’ या शब्दाला थोडा तुच्छतेचा वास आहे. फुकट खाणारा तो फुकट्या. केलेले कष्ट वाया गेले की ते फुकट गेले. जे फुकट ते जणू निरर्थक. ‘विनामूल्य’ हा शब्द अधिक प्रामाणिक: किंमत मागितलेली नाही, एवढेच तो सांगतो, किंमत कोणाला पडलीच नाही, असे सांगत नाही. आणि ‘प्रसाद’ म्हटले की त्यामागे कोणीतरी चुलीपुढे बसलेले असते, हे ऐकणाऱ्याला उमगते. आपण ज्याला ‘कृपा’ म्हणतो त्याला लॅटिनमध्ये ‘ग्रात्सिया’ असा शब्द आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचे तीन अर्थ सांगितले आहेत: कोणाची आपल्यावर असलेली मर्जी, त्या मर्जीतून मोबदल्याविना मिळालेली देणगी, आणि त्या देणगीबद्दल व्यक्त केलेली कृतज्ञता. एकाच शब्दात प्रेम, फुकटपणा आणि आभार असे तिन्ही नांदतात. आपण मधला अर्थ उचलतो आणि अलीकडचा-पलीकडचा सोडून देतो, तेव्हा ‘फुकट’ हा शब्द हलका होतो.

शुभवर्तमानात प्रभू येशू बारा प्रेषितांना पाठवताना, जे मोबदल्याविना मिळाले ते मोबदल्याविना द्या, अशा आशयाची आज्ञा करतो. ही आज्ञा आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. पण मत्तयच्या त्याच दहाव्या अध्यायात, अवघ्या दोन वचनांच्या अंतरावर, कामकऱ्याला त्याचे अन्न मिळालेच पाहिजे, असेही तोच प्रभू म्हणतो. हे दुसरे वचन कोणाला चटकन आठवत नाही. देणाऱ्याला केलेली आज्ञा घेणाऱ्यांनी तोंडपाठ करावी आणि घेणाऱ्याला लागू पडणारी विसरावी, यात मनुष्यस्वभाव दिसतो, दुसरे काय?

संत पौलाने हा पेच करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात फार नेमका सोडवला आहे. तो शिपायाचा दाखला देतो, द्राक्षमळा लावणाऱ्याचा देतो, मेंढपाळाचा देतो, मळणीच्या बैलाचाही देतो. या सर्वांना आपल्या कष्टातून खाण्याचा हक्क आहे, तसाच सुवार्तिकालाही आहे, हे तो वकिली बाण्याने सिद्ध करतो. आणि मग म्हणतो की मी मात्र हा हक्क वापरला नाही. करिंथ येथे तो अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू शिवीत असे. आता पाहा, पौलाने हक्क आधी ठामपणे मांडला आणि नंतर स्वतः सोडला. करिंथकरांनी आपण होऊन “पौल काही मागणार नाही, तो देवाचा माणूस आहे” असे ठरवून टाकले असते, तर ती गोष्ट निराळी झाली असती. हक्क सोडण्याचा अधिकार हक्कदाराचा. शेजाऱ्याने त्याच्या वतीने तो सोडावा, याला औदार्य म्हणता येणार नाही.

या कसोटीला आपण कितपत उतरतो? ऐंशी-नव्वदच्या दशकांत मराठी ख्रिस्ती गीतांच्या ध्वनिफिती निघू लागल्या. त्या काढणारे कोण होते? कोठे एखाद्या धर्मग्रामातील तरुण, कोठे धर्मभगिनींचा गट, कोठे एखादे संगीतवेडे धर्मगुरू. परदेशातील त्या स्वतंत्र संस्थांचीच ही आपली भावंडे. स्टुडिओचे भाडे तासावर. तबलजी आणि बासरीवाला बाहेरून बोलावलेला. वेष्टनाची छपाई उधारीवर. मग ध्वनिफीत बाहेर पडे आणि आपण काय करीत असू? एकाने विकत घ्यायची आणि डबल डेकवर कोऱ्या कॅसेटी लावून आळीभर उतरवून द्यायची. त्यात आपल्याला पाप वाटत नसे, उलट पुण्य वाटे. सुवार्तेचा प्रसारच नाही का हा! पुढे २०१० च्या सुमारास बाजारपेठांतील मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डात शेकड्यांनी गाणी भरून मिळू लागली. त्यात लावणी होती, कोळीगीते होती, आणि आपली भक्तिगीतेही होती. दुकानदाराला भरण्याचे पैसे मिळत. गाणाऱ्याला काय मिळे, हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. छोट्या गटांची दुसरी ध्वनिफीत क्वचितच निघाली, याचे कारण प्रतिभेचा दुष्काळ हे नव्हते.

कायद्याचे म्हणाल, तर तो आपल्याशी पुष्कळच उदारपणे वागतो. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीपासून, खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत सादर करणे किंवा ध्वनिमुद्रण वाजवणे हा भंग मानला जात नाही. मध्यरात्रीच्या मिस्सात कोणतेही गीत गा, पोलीस येणार नाहीत. प्रती काढून वाटणे आणि विकणे ही बाब वेगळी. पण याच कायद्याचे सत्तावन्नावे कलम मला अधिक विचार करायला लावते. लेखकाने आपले सारे आर्थिक हक्क दुसऱ्याला देऊन टाकले, तरी ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा त्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो, असे ते कलम सांगते. पैसा सुटतो, नाव सुटत नाही.

‘सायलेंट नाइट’ या गीताची हकिगत या संदर्भात सांगण्याजोगी आहे, कारण नाताळात ते गायले नाही असा आपला धर्मग्राम विरळा. त्याचे मूळ जर्मन शब्द योसेफ मोर या तरुण धर्मगुरूने १८१६ साली लिहिले. १८१८ च्या २४ डिसेंबरला, ऑस्ट्रियातील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी, त्याने ते शेजारच्या आर्न्सडॉर्फचे शिक्षक फ्रान्त्स ग्रुबर यांच्याकडे नेले. त्यांनी चाल बांधली आणि त्याच रात्री गिटारच्या साथीवर दोघांनी ते संत निकोलसच्या चर्चमध्ये गायले. (उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्यामुळे गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट मुलांना फार आवडते, तिला आधार मात्र नाही.) पुढे ऑर्गन दुरुस्त करणारा एक कारागीर ते गीत तिरोलकडे घेऊन गेला. तेथील गाणाऱ्या कुटुंबांनी ते गावोगाव नेले, आणि १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. दरम्यान ड्रेस्डेनमध्ये ते ‘तिरोलचे लोकगीत’ म्हणून छापून विकलेही गेले. मोर आणि ग्रुबर यांचे नाव त्यावर नव्हते. १८५४ साली बर्लिनच्या राजदरबारातील गायकवृंदाने, हे गीत मिखाएल हायडनचे का, अशी चौकशी केली, तेव्हा ग्रुबरने सारा वृत्तान्त लिहून पाठवला. मोर १८४८ मध्येच, जवळ काही न ठेवता, वाग्राइन या डोंगरातल्या गावी निवर्तला होता.

यात कोणाचे चुकले? मोर आणि ग्रुबर यांनी गीत विनामूल्य दिले. ते गावोगाव गेले याचा त्यांना आनंदच झाला असणार. तिरोलच्या गायकांनी ते जगाला दिले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. तरीही त्या छापील कागदावर दोन नावे असावयास हवी होती, असे मला वाटते. त्यांना पैसे हवे होते म्हणून नव्हे. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याचे आभार मानता येत नाहीत, आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही नेमकी करता येत नाही.

आपल्या भाषेतही असे एक उदाहरण आहे, आणि ते अधिक समाधान देणारे आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. मग सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ टिकला कसा? भाविकांनी हाताने नकला केल्या म्हणून. १९०७ साली मंगळूरला योसेफ साल्दान्हा यांनी जी आवृत्ती काढली, ती अशा हस्तलिखितांच्याच बळावर. ती नक्कल कोणी विकत घेतली नसेल. पण दिव्याच्या उजेडात अकरा हजार ओव्या उतरवून काढणाऱ्याचे डोळे आणि पाठ यांना तिची किंमत नक्की पडली. नक्कल करणारा स्वतःच्या कष्टाने त्या दानात भागीदार होई. कॅसेट उतरवताना निदान साठ मिनिटे बसून राहावे लागे. आता बोटाचा एक स्पर्श पुरे. कष्ट गेले हे बरेच झाले. त्यांच्याबरोबर देणाऱ्याची आठवणही गेली, ती परत कशी आणायची हा प्रश्न उरला.

संत थॉमस यांचे कृतज्ञतेविषयीचे विवेचन येथे उपयोगी पडते. ते म्हणतात की उपकार तोलताना वस्तूपेक्षा देणाऱ्याचे अंतःकरण पाहावे. आणि फेड करताना मिळाल्याहून काही अधिक देण्याचा यत्न करावा, कारण मिळाल्याएवढेच परत केले तर ती परतफेड होते, त्यात आपले असे काहीच दिले जात नाही. आता हे खरे की, विनामूल्य गीते देणाऱ्या संस्थांचे अंतःकरण दर वेळी निर्मळच असते असे नाही. आज गाणे फुकट द्यावे म्हणजे उद्या गिऱ्हाईक आपले होते, हा हिशेब तेथेही आहे. बीटल्स या प्रख्यात वाद्यवृंदाने १९६३ ते १९६९ दर नाताळात आपल्या चाहता-मंडळाच्या सभासदांना एक पातळ ध्वनिमुद्रिका भेट पाठवली, त्यात प्रेम किती आणि जाहिरात किती, हे कोण सांगणार? लग्नात आहेर करणाऱ्याच्या मनातही थोडी बेरीज-वजाबाकी असते. आपण आहेर नाकारीत नाही. वहीत नाव मात्र लिहून ठेवतो.

निर्मळपणाचेच उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतील गायक सुफियान स्टीव्हन्स याचे पाहावे. २००१ पासून तो नाताळात मित्रांना आणि घरच्यांना भेट म्हणून गाणी मुद्रित करून देत असे. २००६ मध्ये ती बेचाळीस गाणी ‘अस्थमॅटिक किटी’ या छोट्या स्वतंत्र संस्थेने प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी त्याने एक विलक्षण अदलाबदल जाहीर केली. श्रोत्यांनी आपले स्वतःचे नाताळगीत पाठवावे. जे निवडले जाईल त्याच्या कर्त्याला सुफियानचे एक नवे, अप्रकाशित गीत सर्व हक्कांसह मिळेल. ब्रुकलिनमधील नाट्यदिग्दर्शक अॅलेक डफी याला ते मिळाले. त्याला ते जगभर फुकट वाटता आले असते, विकताही आले असते. त्याने दोन्ही केले नाही. ज्यांना ऐकायचे असेल त्यांनी यावे, आपल्यासमवेत बसावे आणि ऐकून जावे, असा क्रम त्याने वर्षानुवर्षे ठेवला. अखेर २०१८ साली ते गीत सर्वांसाठी प्रसिद्ध झाले. डफीचा हट्ट काहींना आढ्यतेचा वाटला, आणि मलाही प्रथम तसेच वाटले. पण आपल्या घरी येऊन गीत ऐकणाऱ्या माणसाला ते कोणाकडून मिळाले हे कधी विसरता येणार नाही, हेही तितकेच खरे.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. शहापूर तालुक्याला ‘फुकट’ म्हणजे काय हे वेगळ्या रीतीने ठाऊक आहे. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे वैतरणेचे आणि भातसेचे पाणीही त्याच वाटेने गेले. मुंबईच्या नळाला येणारे पाणी स्वस्त, जवळजवळ फुकट. आणि ज्या तालुक्यातून ते जाते तेथील कित्येक पाडे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. पाण्याबद्दल कोणी मुंबईकरांना चोर म्हणणार नाही. परंतु नळ सोडताना तानसाचे नाव किती जणांना आठवते?

गाण्यांचेही तसेच होऊ पाहत आहे. ठाकरांचा कांबडनाच, वारल्यांच्या लग्नातील धवलेरीची गाणी, कातकरी बायांची रोपणीच्या वेळची गाणी या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या वाहत आहेत. व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, उपासनेविषयीच्या संविधानात, त्या त्या लोकांच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले, आणि आपल्याकडेही लोकचालींवर ख्रिस्तजन्माची गीते रचली गेली. ही गाणी आज कोणीही यावे आणि मोबाइलवर मुद्रित करून न्यावीत, अशी स्थिती आहे. खाली एकच शब्द लिहिला की झाले: ‘पारंपरिक’. हा शब्द दिसायला आदराचा; पण ड्रेस्डेनच्या छापखान्याने ‘तिरोलचे लोकगीत’ म्हणून जे केले, तेच तो करतो. कोणाला विचारायला नको, कोणाला द्यायला नको.

शहापूरकडच्या एका पाड्यावर गोठ्यापुढे गायलेले असे एक गीत मला मुद्रित करावयाचे होते. गाणाऱ्या सात बाया होत्या. कोणाची परवानगी घ्यावी, हेच मला कळेना. चाल कोणाची, शब्द कोणाचे, असे विचारले तर त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. शेवटी त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली, “न्या ना गुरुजी. पन पुढल्या साली या परत, आमालाबी आयकवा.” तिने किंमत सांगितली नाही, आणि फुकटही म्हटले नाही. वस्तूबरोबर नाते दिले, आणि ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे सोपवले. संत थॉमस यांनी पानेच्या पाने खर्चून जे सांगितले, त्याच्या हे फार जवळ आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. आमची माणसे गरीब. मुरबाडच्या पाड्यावरचा पोरगा परदेशी कलावंताला काय पैसे पाठवणार? त्याने शून्य लिहिले तर त्यात वाईट काय? माझ्या मते काहीही वाईट नाही. देणाऱ्याने शून्याची मुभा दिली ती याच पोराला डोळ्यांपुढे ठेवून. त्याने ते गाणे मनापासून शिकावे, आपल्या भाषेत गावे, कर्त्याचे नाव घ्यावे. त्याची फेड पुरी झाली. शून्य लिहिताना लाज वाटायला हवी ती निराळ्या माणसाला.

कारण आपल्या नाताळ-कार्यक्रमाचा जमाखर्च काढून पाहा. मांडववाल्याला पैसे, विजेच्या माळा लावणाऱ्याला पैसे, ध्वनिवर्धकवाल्याला पैसे, केकवाल्याला आगाऊ पैसे. यांपैकी कोणालाही आपण “देवाची सेवा समजा” असे म्हणत नाही. ते वाक्य राखून ठेवलेले असते पेटी वाजवणाऱ्यासाठी, ढोलकीवाल्यासाठी, आणि वर्षभर रात्री जागून नवे गीत रचणाऱ्यासाठी. त्यांतील कित्येक जण खरोखरीच सेवा म्हणून येतात आणि पाकीट पुढे केले तर मागे सारतात. पण पाकीट पुढे करण्याआधीच ते मागे सारतील असे गृहीत धरणे, हे करिंथकरांनी पौलाच्या वतीने त्याचा हक्क सोडून देण्यासारखेच आहे. आणि ढोलकीवाला भातकापणी उरकून दुसऱ्याच्या वीटभट्टीवर जाणारा असेल, तर एका संध्याकाळची मजुरी बुडवून तो आलेला असतो, हे आपल्यातील पगारदारांच्या ध्यानीही येत नाही.

आमच्या गायकवृंदाने यंदा एवढे ठरवले आहे. गाण्यांच्या छापील कागदावर प्रत्येक गीताखाली शब्द कोणाचे, चाल कोणाची, आणि ते आमच्यापर्यंत कोणी पोहोचवले, हे लिहायचे. विनामूल्य मिळालेल्या परदेशी गीतांच्या कर्त्यांना, इंग्रजी येणाऱ्या मुलांनी चार ओळींचे पत्र लिहायचे. त्यात आपण कोण, कोठे राहतो आणि त्यांचे गीत कोणत्या रात्री गाणार, हे कळवायचे. वाजवणाऱ्यांचे पाकीट मांडववाल्याच्या पाकिटाबरोबरच भरायचे. पाड्यावरच्या गीताखाली काय लिहावे यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. सातही नावे लिहावीत असे मुलींचे म्हणणे. पाड्याचे नाव पुरे असे मुलांचे. येत्या रविवारी दोघी-तिघी मुली तेथे जाऊन त्या बायांनाच विचारून येणार आहेत, आणि जाताना मुद्रित केलेले गीत ऐकवायला घेऊन जाणार आहेत.